कोवळ्या रोपांचे गोगलगायींपासून संरक्षण

कोवळ्या रोपांचे गोगलगायींपासून संरक्षण हा पीकसंरक्षण व बागकाम या दोन्हींशी निगडित विषय आहे. बियाणे उगवून वर येणे आणि रोपाचे खोड टणक होणे यांमधील साधारण दोन ते तीन आठवड्यांच्या काळात शंखी गोगलगायी आणि शेंब्या (बिनशंखाच्या गोगलगायी) रोपांचे सर्वाधिक नुकसान करतात. याच काळात पावसाळा सुरू झालेला असतो आणि उन्हाळाभर लपून राहिलेल्या गोगलगायी भुकेल्या होऊन बाहेर पडलेल्या असतात. मोठ्या झाडाला त्यांचा उपद्रव सहसा सोसतो. दोन पानांच्या रोपाला तो सोसत नाही. म्हणून या किडीचा बंदोबस्त बऱ्याच अंशी वेळ साधण्यावर अवलंबून असतो.

महाराष्ट्रात हा विषय पूर्वी परसबाग आणि रोपवाटिका यांच्यापुरता मर्यादित मानला जात असे. २०२२ च्या खरीप हंगामात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी उगवत्या सोयाबीनचा फडशा पाडल्यानंतर तो शेतीचा प्रश्न म्हणून चर्चेत आला.

ओळख

गोगलगाय हा मृदुकाय संघातील उदरपाद वर्गाचा प्राणी आहे. कालव, शिंपले, माकूल हे त्याचे समुद्रातील नातेवाईक होत. ‘उदरपाद’ या शास्त्रीय संज्ञेचा अर्थ ‘पोट हाच ज्याचा पाय आहे असा’. मराठीतील ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या परंतु आतून लबाड असलेल्या माणसासाठी वापरली जाते. तिच्यातील शरीरवर्णन प्राणिशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. म्हणीतील लबाडीचा आरोपही शेतकऱ्याच्या बाजूने पाहिल्यास अगदीच निराधार म्हणता येत नाही.

गोगलगायीच्या तोंडात कानशीसारखी खरखरीत जीभ असते. तिच्यावर सूक्ष्म दातांच्या अनेक ओळी असतात. या जिभेने ती पान चावत नाही, तर खरवडते. त्यामुळे खाल्लेल्या पानावर वेडीवाकडी, खडबडीत कडांची छिद्रे दिसतात. चालताना ती पायाखाली चिकट स्राव सोडते आणि त्यावरून घसरत पुढे सरकते. हा स्राव वाळला की जमिनीवर व पानांवर चकाकणारी रुपेरी रेघ उमटते. नुकसान गोगलगायीनेच केले आहे याची ही सर्वांत खात्रीची खूण होय.

शेतीच्या दृष्टीने महत्त्वाची जात म्हणजे आफ्रिकी महाकाय गोगलगाय. शास्त्रीय ग्रंथांत ती पूर्वी अकॅटिना फुलिका आणि आता लिसॅकॅटिना फुलिका या नावाने ओळखली जाते. तपकिरी, त्यावर उभे फिकट-गडद पट्टे असलेला, टोकाकडे निमुळता होत जाणारा शंख हे तिचे लक्षण. पूर्ण वाढलेल्या गोगलगायीचा शंख सामान्यतः ५ ते १० सेंटिमीटर लांब असतो. क्वचित तो २० सेंटिमीटरपर्यंतही वाढतो. शेंब्यांपैकी बागांमध्ये नेहमी आढळणारी जात चपटी, चामड्यासारख्या कातडीची, करडी ते काळपट असते. तिचे नाव लेविकॉलिस अल्टे असून तीही मूळची आफ्रिकेतीलच आहे.

प्रत्येक गोगलगाय ही कीड नव्हे. सह्याद्रीच्या जंगलांत स्थानिक गोगलगायींच्या अनेक जाती आहेत आणि त्यांतील बऱ्याच जाती कुजका पाला, शेवाळ व बुरशी यांवर जगतात. मुंबई परिसरात आढळणाऱ्या एरिओफँटा लेविपेस या स्थानिक जातीचा शंख डावीकडे वळलेला असतो, तर आफ्रिकी गोगलगायीचा उजवीकडे. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले असता तोंड उजव्या बाजूस दिसले तर शंख उजवा, डाव्या बाजूस दिसले तर डावा समजावा. वेचणी करणाऱ्या विद्यार्थ्यांना हा भेद एकदा दाखवून दिला, तर निरुपद्रवी जीवांची निष्कारण हत्या टळते.

भारतातील आगमन

आफ्रिकी गोगलगायीचे मूळ स्थान आफ्रिकेचा पूर्व किनारा हे आहे. तेथून ती हिंदी महासागरातील बेटांवर पोहोचली. विल्यम हेन्री बेन्सन हे ब्रिटिश मुलकी अधिकारी शंखशिंपल्यांचे अभ्यासक होते. त्यांनी १८४७ मध्ये मॉरिशसहून जिवंत गोगलगायी कोलकात्यास आणल्या आणि त्या चौरंगी भागातील एका बागेत पोहोचल्या. भारतातील प्रसाराचा आरंभ येथून मानला जातो. एका अभ्यासकाच्या कुतूहलातून सुरू झालेला हा प्रवास पुढे कुंड्या, रोपे, लाकूड, विटा आणि मालमोटारी यांच्याबरोबर देशभर चालू राहिला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने प्रसिद्ध केलेल्या जगातील शंभर अत्यंत घातक परकीय जातींच्या यादीत या गोगलगायीचा समावेश आहे.

एवढ्या वेगाने पसरण्याचे कारण तिच्या प्रजननात आहे. गोगलगाय उभयलिंगी असते. म्हणजे प्रत्येक प्राणी अंडी घालू शकतो. मीलनानंतर शुक्रपेशी शरीरात दीर्घकाळ साठवून ठेवता येत असल्यामुळे फलित झालेली एकच गोगलगाय नव्या ठिकाणी वसाहत उभी करू शकते. ती एका वेळी साधारण १०० ते ४०० अंडी ओलसर, भुसभुशीत मातीत घालते. अंडी साबुदाण्यासारखी, पिवळसर पांढरी असतात आणि अनुकूल हवामानात एक ते अडीच आठवड्यांत फुटतात. सुमारे सहा महिन्यांत पिल्ले प्रजननक्षम होतात. आयुष्य सामान्यतः पाच-सहा वर्षांचे असते.

उन्हाळा ती झोपून काढते. बांधातील भेगा, दगडांचे ढीग, झाडाची ढोली, पालापाचोळा अशा आडोशाला जाऊन शंखाचे तोंड ती पांढऱ्या, चुनखडीयुक्त पडद्याने बंद करते आणि पाऊस पडेपर्यंत तशीच पडून राहते. अशा स्थितीत ती अनेक महिने अन्नपाण्यावाचून जगू शकते. मृगाचा पाऊस झाला की पडदा मोडून बाहेर येते. नेमक्या याच सुमारास पेरण्या सुरू असतात.

रोपावस्थेतच धोका अधिक का?

मोठ्या झाडाची दहा पाने खाल्ली गेली तरी बाकीच्या पानांवर ते तग धरते. रोपाजवळ अशी शिल्लक नसते. परंतु सर्वच रोपे सारखी असुरक्षित नाहीत, आणि हा फरक अंकुरणाच्या पद्धतीवरून ठरतो.

सोयाबीन, घेवडा, काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, कपाशी यांची बीजपत्रे (दले) उगवताना जमिनीबाहेर येतात. वाढीचा कोंब या दोन दलांच्या मध्ये असतो आणि नवी फूट देऊ शकणारे डोळेही दलांच्या बेचक्यात असतात. दलांच्या खाली असलेल्या देठावर एकही डोळा नसतो. गोगलगायीने हा देठ दलांच्या खालून कुरतडला, तर मागे उरलेल्या बुडख्यातून पुन्हा काहीच फुटत नाही. रोप कायमचे गेले.

हरभरा, वाटाणा, तूर यांची दले मात्र जमिनीतच राहतात. वरचा शेंडा खाल्ला गेला तरी मातीखालच्या डोळ्यांतून नवा कोंब येण्याची शक्यता असते. ज्वारी आणि मका यांचा वाढीचा बिंदू पहिले काही आठवडे जमिनीच्या पातळीखाली सुरक्षित असतो. त्यामुळे पाने खाल्ली गेली तरी ही पिके बहुधा सावरतात. शेताच्या एकाच बांधाला लागून सोयाबीन आणि तूर असताना सोयाबीनच्या ओळी साफ होतात आणि तुरीला थोडीफार फूट येते, याचे कारण बऱ्याच अंशी हेच होय. घेवड्याचे रोप गेले तर त्या जागी लगेच दुसरे बी टोकावे, वाटाण्याचे गेले तर आठवडाभर वाट पाहावी, असा व्यवहारी निष्कर्षही यातून निघतो.

रोपाची वाट लावणारी इतर कारणेही याच सुमारास असतात. देठ कुरतडणारी अळी रोप जमिनीलगत कापते, पण ते पुष्कळदा तेथेच आडवे पडलेले सापडते आणि माती उकरल्यास अळीही जवळच वेटोळे करून बसलेली दिसते. वाणी किंवा पैसा हा अनेक पायांचा प्राणी मातीतील फुगलेले बी आणि कोवळा मोड पोखरतो. वर काही दिसण्यापूर्वीच नुकसान झालेले असते. पक्षी दले उपटून टाकतात. रुपेरी रेघ नसेल तर उपाय ठरवण्याआधी रात्री आठ-नऊच्या सुमारास विजेरी घेऊन वाफ्यावर एक फेरी मारावी. खाणारा प्राणी त्या वेळी पानावरच सापडतो.

मराठवाड्यातील २०२२ चा प्रादुर्भाव

लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत त्या वर्षी जून-जुलैमध्ये सोयाबीन उगवताच शंखी गोगलगायी मोठ्या संख्येने शेतांत उतरल्या. रात्रीतून ओळीच्या ओळी नाहीशा झाल्याने अनेक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. काही ठिकाणी दुबार पेरलेले पीकही खाल्ले गेले. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि राज्याचा कृषी विभाग यांनी सामूहिक वेचणीच्या मोहिमा व सल्लापत्रके यांद्वारे उपाययोजना सांगितल्या. पुढे राज्य शासनाने या तीन जिल्ह्यांतील बाधित शेतकऱ्यांना आर्थिक मदत जाहीर केली.

दुबार पेरणी म्हणजे केवळ बियाण्याचा दुप्पट खर्च नव्हे. कोरडवाहू सोयाबीनची पेरणी जुलैच्या मध्यापर्यंत उरकावी अशी शिफारस असते. पहिली पेरणी जूनच्या अखेरीस केली आणि ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात खाल्ली गेली, तर वाफसा मिळून पुन्हा पेर होईपर्यंत मुदत टळलेली असते. उशिरा पेरलेल्या पिकाच्या शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली की उत्पन्न घटते. नुकसानीचा हा दुसरा हप्ता दिवाळीच्या सुमारास कळतो आणि त्याची नोंद गोगलगायीच्या नावावर होत नाही.

पेरणीपूर्व उपाय

उन्हाळ्यात खोल नांगरट केली असता मातीत दडलेल्या गोगलगायी आणि अंडी वर येतात. उन्हाने वाळतात किंवा पक्ष्यांच्या तोंडी पडतात. बांधावरील तण, पिकांचे अवशेष, दगडांचे व पाल्याचे ढीग काढून टाकणे हे याहून महत्त्वाचे आहे, कारण गोगलगायी शेताच्या मध्यापेक्षा बांधातच अधिक असतात. मे महिन्यात बांधाच्या भेगांतून सुप्त गोगलगायी वेचणे कष्टाचे असले तरी त्या वेळी त्या पळत नाहीत, लपत नाहीत आणि त्यांनी अद्याप नवीन अंडीही घातलेली नसतात.

परसबागेत हेच काम कुंड्यांच्या तळाशी करावे लागते. कुंडीखालची ताटली, पाणी जाण्याचे छिद्र, विटांच्या ओळीमागील पोकळी, नळाजवळची ओल या जागा तपासाव्यात. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाच्या पिशवीतील माती एकदा बोटांनी चाचपून पाहावी. शहरांतील गच्च्यांवर आणि सज्जांमध्ये ही कीड बहुधा अशा पिशव्यांतूनच पोहोचते. पाचव्या मजल्यावर गोगलगाय कशी आली, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः तिथे मिळते.

वेचणी

सर्व उपायांमध्ये हाताने वेचणे हा सर्वांत जुना, सर्वांत कंटाळवाणा आणि तरीही सर्वांत परिणामकारक उपाय आहे. त्याचे कारण साध्या गणितात आहे. एका गोगलगायीने एका खेपेस २०० अंडी घातली असे धरले, तर पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात वेचलेल्या ५० मोठ्या गोगलगायी म्हणजे पुढे येऊ शकणारी १०,००० अंडी होत. त्याच ५० गोगलगायी ऑगस्टमध्ये वेचल्या तर समोरची गर्दी कमी दिसते, पण पुढच्या वर्षीची गर्दी मातीत पोहोचलेली असते.

वेचण्यासाठी गोगलगायींना एकत्र आणणे सोयीचे पडते. यासाठी गोणपाट किंवा बारदान गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी बांधालगत आणि वाफ्यांच्या कडेला ठिकठिकाणी पसरतात. रात्री चरून झाल्यावर गोगलगायी ओल व अंधार शोधत या गोणपाटांखाली येतात; सूर्योदयापूर्वी किंवा लगेच नंतर गोणपाट उलटून त्या गोळा कराव्यात. उशीर केल्यास ऊन तापते आणि त्या अन्यत्र निघून जातात. घराच्या बागेत गोणपाटाऐवजी पपईची पाने, कोबीची बाहेरची पाने किंवा कलिंगडाची साल उपडी ठेवली तरी काम भागते. पेरणीनंतर सलग आठ-दहा दिवस हे केल्यास संख्येत लक्षात येण्याजोगी घट होते. एक दिवस वेचून चार दिवस थांबल्यास फारसा उपयोग होत नाही.

उघड्या हाताने गोगलगाय उचलू नये. उंदरांच्या फुप्फुसांत राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या गोगलगायींच्या शरीरात वाढतात आणि माणसाच्या पोटात गेल्यास त्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतात. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी, नंतर साबणाने हात धुवावेत, आणि बागेतील पालेभाजी कच्ची खाण्यापूर्वी पान न् पान धुवावे. लहान मुलांना शंखाचे आकर्षण असते; त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवावे.

वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या तीव्र द्रावणात टाकून मारतात आणि मग खोल खड्ड्यात चुना घालून पुरतात. त्या जिवंत स्थितीत ओढ्यात, रस्त्याकडेला किंवा शेजारच्या पडीक जमिनीत टाकणे ही चुकीची आणि दुर्दैवाने सर्रास आढळणारी पद्धत आहे. एका शेतात वेचणी झाली आणि सामायिक बांधापलीकडच्या शेतात झाली नाही, तरी परिणाम तोच होतो. गावाने एकाच आठवड्यात मोहीम घ्यावी असे कृषी विद्यापीठ सांगते ते याच कारणाने.

अडथळे आणि घरगुती उपायांची पारख

गोगलगायीला अडवणाऱ्या पदार्थांची यादी मोठी आहे: चुना, राख, मीठ, अंड्यांची टरफले, लाकडाचा भुसा, खडी, तांब्याची पट्टी. यांपैकी प्रत्येकाचे समर्थक असतात.

चुन्याची गोष्ट मजेशीर आहे. कोरडी चुनाभुकटी गोगलगायीच्या ओल्या पायाला दाहक ठरते, म्हणून शेताभोवती चुन्याचा चार बोटे रुंद पट्टा ओढण्याची शिफारस केली जाते. मात्र शंख बनवण्यासाठी गोगलगायीला चुनखडीची गरजही असते. चुना दिलेल्या जुन्या भिंती खरवडताना ती दिसते ती त्यासाठीच. पट्टा कोरडा आहे तोवर तो कुंपण असतो. एक जोराची सर आली की तो वाहून जातो किंवा निवून निरुपद्रवी होतो. राखेचीही तीच गत आहे. जून-जुलैत हे पट्टे पावसाच्या प्रत्येक उघडिपीनंतर नव्याने ओढावे लागतात.

मीठ गोगलगायीच्या शरीरातील पाणी ओढून घेऊन तिला मारते, यात शंका नाही. परंतु वाफ्यात टाकलेले मीठ तेथेच राहते आणि ज्या रोपाला वाचवायचे त्याच्याच मुळांना बाधते. बादलीतील द्रावणापलीकडे त्याचा उपयोग करू नये.

अंड्यांची टरफले, तांब्याची पट्टी आणि खडी यांच्याबद्दल ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने सॅलडच्या रोपांवर चाचणी घेऊन २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. या तिन्हींबरोबर पाइनच्या सालीचे आच्छादन आणि लोकरीच्या गोळ्या यांचीही परीक्षा झाली. संरक्षित आणि असंरक्षित रोपांच्या नुकसानीत उल्लेखनीय फरक आढळला नाही. ब्रिटनमधील गोगलगायींच्या जाती वेगळ्या आहेत हे खरे. तथापि टोकदार टरफलांवरून गोगलगाय जाऊ शकत नाही ही समजूत सोडून द्यावी. तिचा चिकट स्रावच तिचे जोडे असतो.

याउलट काही साध्या गोष्टी खात्रीने उपयोगी पडतात. पहिली म्हणजे पाणी सकाळी देणे. संध्याकाळी पाणी दिले की रात्रभर माती ओली राहते आणि गोगलगायीची वाट सोपी होते. सकाळी दिलेले पाणी रोपाला मिळून अंधार पडेपर्यंत वरची माती सुकते. दुसरी म्हणजे रोप मोठे करून लावणे. मिरची, वांगी, टोमॅटो, फुलझाडे यांचे बी थेट वाफ्यात न टाकता उंचावर ठेवलेल्या ट्रेमध्ये रोपे तयार करावीत आणि चार-पाच खरी पाने येऊन देठ टणक झाल्यावर पुनर्लागवड करावी. धोक्याचा काळ अशा रीतीने मंचावरच निघून जातो. काकडी, भोपळा यांसारख्या वेलांसाठी पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा तळ कापून ती रोपावर उपडी रोवावी आणि बूच काढून ठेवावे. मात्र आत एखादी शेंबी अडकलेली नाही ना, हे आधी पाहावे. गादीवाफ्याभोवती हातभर पट्टा तणविरहित व कोरडा ठेवणे हेही एक कुंपणच आहे.

आच्छादनाबाबत थोडा विवेक लागतो. पाल्याचे आच्छादन मातीची ओल टिकवते म्हणून सेंद्रिय बागकामात त्याचा आग्रह धरला जातो, पण तेच गोगलगायीचे घर असते. रोपे वीतभर होईपर्यंत आच्छादन थांबवावे आणि नंतर घालावे.

रासायनिक उपाय

गोगलगाय हा कीटक नाही. म्हणून कीटकांसाठीची नेहमीची फवारणी तिच्यावर फारशी चालत नाही. २०२२ मध्ये घाईघाईने केलेल्या अनेक फवारण्यांवर झालेला खर्च या एका माहितीने वाचू शकला असता. गोगलगायींसाठी वेगळी मृदुकायनाशके असतात.

त्यांपैकी प्रमुख मेटाल्डिहाइड हे होय. २.५ टक्के प्रमाणाच्या तयार गोळ्या एकरी सुमारे २ किलो या प्रमाणात संध्याकाळी, माती ओलसर असताना, बांधालगत आणि ओळींमध्ये विखरून टाकण्याची शिफारस आहे. ढीग करू नयेत. आमिषाच्या वासाने आलेली गोगलगाय गोळी खाते आणि तिच्या स्रावग्रंथी निकामी होऊन शरीर कोरडे पडते. जोराचा पाऊस आल्यास गोळ्या विरघळून वाया जातात. हवा फार दमट असली तर विषबाधा झालेली गोगलगाय पाणी शोषून पुन्हा सावरूही शकते. त्यामुळे सकाळी निपचित पडलेल्या गोगलगायी मेल्या असे समजून सोडून न देता वेचून पुराव्यात.

या विषाची दुसरी बाजू गंभीर आहे. गोळ्या धान्याच्या कोंड्यापासून बनवलेल्या असल्याने कुत्री त्या आवडीने खातात. गुरे, कोंबड्या आणि लहान मुले यांनाही धोका असतो. विषबाधेत अंगाला कंप सुटतो, झटके येतात, आणि यावर विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. जनावराने गोळ्या खाल्ल्याची शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता, पशुवैद्याकडे न्यावे. मूल असल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे व गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे. पाळीव व वन्य प्राण्यांना असलेला हाच धोका ध्यानात घेऊन ग्रेट ब्रिटनमध्ये मेटाल्डिहाइडच्या उघड्यावरील वापरावर मार्च २०२२ अखेरपासून बंदी घालण्यात आली. घरच्या कुंड्यांसाठी हे विष वापरण्याचे काही कारण नाही. गुळात व कोंड्यात तीव्र कीटकनाशक मिसळून घरी आमिष बनवण्याची पद्धत तर याहून घातक आहे.

लोह फॉस्फेट हा तुलनेने सुरक्षित पर्याय आहे. तो खाल्लेली गोगलगाय चरणे थांबवते आणि काही दिवसांत लपलेल्या जागी मरते. मृत गोगलगायी दिसत नसल्यामुळे औषध चालले नाही असा ग्रह होतो. परिणाम मोजायचा तो रोपांवरून. अनेक देशांत सेंद्रिय शेतीतही त्यास परवानगी आहे.

नैसर्गिक शत्रू

भारद्वाज पक्षी आफ्रिकी गोगलगायी खातो. बांधावरची दाट झुडपे हे त्याचे वसतिस्थान असते, त्यामुळे बांध स्वच्छ करण्याच्या सल्ल्याशी येथे थोडा विरोध येतो. पायाशी असलेले तण व पाला काढून वरची झुडपे राखणे हा मधला मार्ग आहे. बदके गोगलगायींची पिल्ले व शेंब्या टिपतात, मात्र कोवळी रोपेही त्यांना वर्ज्य नसतात. म्हणून पेरणीआधी किंवा काढणीनंतरच त्यांना शेतात सोडावे. काजव्यांच्या अळ्या गोगलगायींवर जगतात, ही गोष्ट सह्याद्रीतील काजवे पाहायला जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. मेटाल्डिहाइडसारखे विष त्यांचे अन्न संपवते, आणि अंदाधुंद कीटकनाशक फवारणी त्या अळ्यांनाच मारते.

युरोपात शेंब्यांविरुद्ध फॅस्मॅरॅब्डायटिस हर्मॅफ्रोडायटा नावाचा सूक्ष्म सूत्रकृमी पाण्यात मिसळून मातीत सोडतात. बाहेरून शत्रू आणण्याचा प्रत्येक प्रयोग मात्र इतका सरळ ठरलेला नाही. आफ्रिकी गोगलगायीचा नायनाट करण्यासाठी १९५५ मध्ये हवाई बेटांवर युग्लँडिना रोझिया ही गोगलगायी खाणारी गोगलगाय सोडण्यात आली आणि १९७७ मध्ये ती पॅसिफिकमधील मूरिया बेटावरही नेण्यात आली. तिने मोठ्या आफ्रिकी गोगलगायींपेक्षा लहान स्थानिक जाती खाणे पसंत केले. मूरियावरील पार्टुला वंशाच्या झाडावरच्या गोगलगायी दहा वर्षांच्या आत निसर्गातून नाहीशा झाल्या. त्यांतील काही जाती प्राणिसंग्रहालयांत नेऊन ठेवल्या होत्या म्हणूनच वाचल्या.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून आणलेल्या तीन गोगलगायी बागेत सोडल्या गेल्या. त्यांच्या वंशजांचा समूळ नाश करण्यास १९७५ साल उजाडले, आणि त्या काळात सुमारे १८,००० गोगलगायी हस्तगत झाल्या. २०११ मध्ये मायामी परिसरात ही जात पुन्हा सापडली. दहा वर्षांच्या मोहिमेनंतर २०२१ मध्ये ती संपल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये राज्याच्या दुसऱ्या भागात ती परत आढळली. दोन्ही मोहिमांत बागा, परसदारे आणि मोकळ्या जागा एकेक करून तपासत गोगलगायी वेचणे हे कामाचे मुख्य अंग होते.